वाडीच्या मिस्त्रीभाऊंस, आम्हा पिकअपवाल्यांचं आभारपत्र

मिस्त्रीभाऊ,

सप्रेम नमस्कार.

काटोल-नरखेडकडून नागपूरच्या कळमना बाजारात संत्री आणणाऱ्या आम्हा पिकअपवाल्यांकडून हे पत्र. गाडी साठच्या पुढे असताना पुलाच्या जोडावर किंवा खड्ड्यात एक चाक आपटलं, की स्टेअरिंग दोन्हीकडे असे झटके मारतं की हातात धरवत नाही, आणि वेग वीस-तीसवर आल्याशिवाय ते थांबत नाही. या दुखण्यावर सर्रास एकच उपाय सांगितला जातो : स्टेअरिंगचा डॅम्पर, म्हणजे झटके दाबणारा छोटा शॉक-ॲब्सॉर्बर, बदला. तुम्ही डॅम्पर विकायला नकार दिलात, आधी प्ले, म्हणजे सांध्यांमधला ढिलेपणा, शोधायला लावलात आणि शोधायचा कसा तेही हात धरून शिकवलंत. त्यासाठी मनापासून आभार. तुमची पद्धत इतर गाडीवाल्यांनाही कळावी, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

गाडी नेमकी कधी थरथरते, हा तुमचा पहिला प्रश्न असतो आणि अर्धं निदान त्यातच होतं. ठरावीक वेगाला थरथर येते आणि त्याच्या पुढे-मागे कमी होते, तर चाकांचं बॅलन्सिंग बघायचं. ब्रेक मारल्यावरच येते, तर डिस्क किंवा ड्रम बघायचा. धक्क्याने सुरू होते आणि आपोआप थांबत नाही, तर सांध्यांमध्ये प्ले आहे. त्यातही चाकं सोडून चालत नाही. शेतातून निघालेल्या गाडीच्या रिमला आतून काळी माती चिकटून वाळते, आणि तेवढ्या वजनाने बॅलन्स बिघडतो. आधी रिम आतून धुवायचे, टायरवर कुठे फुगवटा आहे का ते हाताने चाचपायचं, हवा सकाळी टायर थंड असताना मोजायची. पुढची चाकं मागे टाकून थरथरीत फरक पडला, तर चाक-टायरमध्ये दोष आहे.

खरी तपासणी त्यानंतरची. चाकं जमिनीवरच ठेवायची, पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं, भराभर हलवत राहायचं. दुसऱ्याने गाडीखाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा : स्टेअरिंग बॉक्स, त्यातून निघणारा ड्रॉप आर्म, आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडची दोन्ही टोकं. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटांना लागतो. बॉक्सचे बोल्ट चेसिसवर सरकतात का आणि त्यांच्याभोवती चेसिसला चीर गेली आहे का, हेही तेव्हाच बघायचं. गाडी जॅकवर घेऊन हीच चाचणी केली तर चाकांवर भार नसतो आणि बराचसा प्ले लपतो. म्हणून तुम्ही जॅक आधी लावू देत नाही.

जॅक लागतो तो किंगपिनसाठी, म्हणजे ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं तिच्यासाठी. मागच्या चाकांना गुटके लावायचे, जॅक चेसिसखाली न लावता ॲक्सलखाली लावायचा आणि स्टँड दिल्याशिवाय हात घालायचा नाही. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खटखट आली, की बहुतेक लोक किंगपिनलाच दोष देतात. तुम्ही मात्र दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगता. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला, तर हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) बेअरिंग ढिलं आहे. तरीही राहिला, तर किंगपिन आणि तिच्याभोवतीचे बुश (धातूच्या नळ्या) झिजले आहेत. या एका खुणेने किती अनावश्यक उघडझाप टळते!

किंगपिन बदलताना तुमची शिस्त विशेष सांगायला हवी. बुश बसवताना त्याचं भोक ग्रीस निपलच्या भोकाशी जुळलंच पाहिजे, नाहीतर ग्रीस आत जात नाही आणि नवा बुशही लवकर झिजतो. बुशला रीमर मारून पिन हाताने फिरेल, पण खेळणार नाही इतपतच जागा ठेवायची. खालचं, भार पेलणारं थ्रस्ट बेअरिंग जुनंच लावायचं नाही, आणि ॲक्सल व नकल (किंगपिनवर फिरणारा, चाक धरणारा भाग) यांच्यामधला उभा प्ले शिमने, म्हणजे पातळ चकतीने, काढायचा. ग्रीस भरताना ॲक्सल उचलून धरायचा, म्हणजे थ्रस्ट बेअरिंगवरचा भार सुटतो आणि ग्रीस तिथवर पोचतं. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत गन मारायची.

टाय रॉड एंडच्या बाबतीत तुम्ही एका गोष्टीवर ठाम आहात, आणि ते अगदी बरोबर आहे. टेपर, म्हणजे एंडचा निमुळता खुंट, कोरडा पुसून बसवायचा. नट पूर्ण कसल्यावर त्याला अडवणाऱ्या स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तर नट आणखी पुढे कसायचा, कधीही मागे सोडायचा नाही. पिन दर वेळी नवी. मागे सोडलेला नट टेपर ढिला ठेवतो, आणि तो सांधा पुढे आपलं भोकच मोठं करतो.

पुढच्या पाट्यांच्या टोकाचे शॅकल बुश, पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्टही तुम्ही सोडत नाही. सेंटर बोल्ट तुटला तर ॲक्सल जागेवरून सरकतो. जास्त मालासाठी मागे वाढीव पाटा टाकतात, तेव्हा रिकामी गाडी मागून उंच राहते आणि पुढचा कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. त्यामुळे स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही. पाटा ॲक्सलच्या वर असेल, तर टेपर शिमची (पाचरीसारख्या पट्टीची) जाड बाजू मागे ठेवल्यावर कॅस्टर वाढतो. पण कॅस्टर प्रमाणाबाहेर वाढला तरी थरथर येऊ शकते, म्हणून मोजल्याशिवाय शिम टाकू नये, असं तुम्ही बजावता.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. सांधे ढिले असताना केलेलं टो-इन (पुढच्या चाकांची पुढून किंचित आत वळलेली ठेवण) पहिल्याच खड्ड्यात बदलतं. टो मोजण्याआधी गाडी थोडी पुढे ढकलून थांबवायची, मागे नाही. स्टेअरिंग बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू प्ले लपवण्यासाठी आवळायचा नाही. जास्त आवळला तर बॉक्स अडकतो आणि वळणावरून स्टेअरिंग परत येत नाही. हे सगळं झालं आणि जुना डॅम्पर गळका निघाला, तरच नवा. सांध्यांत प्ले ठेवून टाकलेला नवा डॅम्पर काही दिवस थरथर दाबतो, आणि तेवढ्या काळात सांधे आणखी झिजतात. ड्रायव्हरच्या जिवाला खरा धोका याच्यातच आहे. भरल्या गाडीचं स्टेअरिंग असं सुटलं, तर जोराचा ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंगशी झुंजायचं नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि हळूहळू कडेला यायचं. हेही तुम्ही प्रत्येक पोराला सांगता.

काम झाल्यावर भरल्या गाडीने एक फेरी करून या, मग यू-बोल्ट पुन्हा आवळू, असं तुम्ही म्हणता आणि त्याचे पैसे घेत नाही. संत्र्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत ज्यांच्या गाड्या राहिल्या आहेत, ते रिम धुऊन आणि गाडी रिकामी करूनच तुमच्याकडे येतील.

आपले नम्र,
काटोल-कळमना मार्गावरचे पिकअप चालक-मालक