सातव्या ओळीतलं नाव

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी आपण आमच्या गावात आला होता. स्वातंत्र्यसैनिकांचा फलक लावण्याआधी जुनं पोलीस दफ्तर तपासू, असा शब्द आपण चावडीसमोर दिलात. यंदा 9 ऑगस्टला फलक लागला. त्यावर 23 नावं आहेत, त्यात माझे आजोबा नाहीत. त्यांना ज्यानं धरून दिलं, तो सातव्या ओळीत आहे.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, इंग्रजांना झुगारून नाना पाटलांनी चालवलेल्या प्रतिसरकारच्या मुलखातलं. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराची रेल्वे लुटली, तेव्हापासून आमच्या उसाच्या फडात भूमिगत माणसं मुक्कामाला असायची. आजी शेणाच्या पाटीखाली भाकरी लपवून न्यायची. एका पहाटे पोलीस आले ते थेट त्याच फडात, दुसरीकडे कुठं शोधलंसुद्धा नाही. आजोबांना तीन महिने कोठडीत ठेवलं. खटला नाही, शिक्षा नाही. डावा पाय मोडून परत पाठवलं. पुढं मरेपर्यंत, म्हणजे 1971 पर्यंत, ते काठी घेऊनच चालले.

सन्मान निवृत्तिवेतनाची योजना आली 1972 ला. आजीनं अर्ज केला. सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा दाखला आणा, नाहीतर भूमिगत असल्याचा पुरावा म्हणून वॉरंट, बक्षिसाचा जाहीरनामा असलं काही आणा, असं तिला सांगितलं. साहेब, पोलिसांच्या कागदावर नाव येऊ नये म्हणूनच माणूस भूमिगत होतो ना? इंग्रजांच्या फौजदारानं लिहून ठेवलं तेवढंच खरं, आणि आजीच्या डोक्यावरची पाटी खोटी? अंगठेबहाद्दर बाईला कचेरीत 19 हेलपाटे घालायला लावले. 2009 ला ती गेली, तोवर एक पैसा मिळाला नाही. तिकडं बीडमध्ये बोगस स्वातंत्र्यसैनिक शोधायला न्यायमूर्ती पालकरांचा आयोग नेमावा लागला. खोट्यांना कागद मिळतात, साहेब. खऱ्यांनाच मिळत नाहीत.

त्या माणसाचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याची नातवंडं माझ्या वर्गात होती, त्यांचा काय गुन्हा? शिवाय माझ्याजवळ आजीच्या शब्दाखेरीज पुरावा नाही. मला पुरावाच हवा आहे. 1942 ते 46 या काळातलं खबऱ्यांचं दफ्तर उघडा. कोणाला किती बक्षीस मिळालं, कोणाला इनाम मिळालं, ते एकदा समोर येऊ द्या. आमच्या लोकांनीही खबरे म्हणून कित्येकांच्या तळपायांवर काठ्या मारल्या, त्यावरून तर प्रतिसरकारला पत्री सरकार हे नाव पडलं. त्यात एखादा निरपराध असेल तर तेही कळू द्या. जुनं वैर काढायला नाव सांगितलं गेलं नसेलच, असं मी छातीठोक म्हणणार नाही.

2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर भूमिगत क्रांतिकारक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले, तेही पोलिसांना जागा कळली म्हणून. दरवर्षी आपण लोक तिथं हार घालता. पण फितुरांचा विषय काढला की सगळ्यांची दातखीळ बसते. का बसते ते खेड्यातलं पोरही सांगेल. इंग्रज गेले, पण चावडीवर बसणारी माणसं तीच राहिली. तेच पाटील, तेच फौजदार, आणि पुढं सोसायटीतही त्यांच्याच घरातले. ज्यांचे पाय मोडले ते रोजगार हमीवर खडी फोडत होते. माझे वडीलसुद्धा.

अनावरणाला वडिलांना मीच हाताला धरून नेलं. ते फलकावर बोट ठेवून एकेक नाव मोठ्यानं वाचत होते. सातव्या ओळीवर बोट थांबलं. घरी आल्यावर म्हणाले, "तुझ्या आजीला हे बघावं लागलं नाही, बरं झालं." तेव्हापासून ते चावडीकडं फिरकलेले नाहीत. देवळात जायचं तर पार ओढ्याकडनं वळसा घालून जातात.

वडील 79 वर्षांचे आहेत. दफ्तर कधी उघडणार, तेवढी तारीख लेखी कळवा.

आपली,
वाळवा तालुक्यातील एक नात