इंग्रजी व्याकरणाच्या बाईंस अनावृत पत्र

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

तुमचा वर्ग संपून फार काळ लोटलेला नाही, आणि मनातली कृतज्ञता अजून इतकी ताजी आहे की ती खासगी पत्रात मांडून माझे समाधान होणार नाही. तुमचे आभार चारचौघांसमोरच मानायला हवेत.

तुमच्याआधी मला शिकवणाऱ्यांनी विशेषणाची व्याख्या पाठ करून घेतली आणि धडा तिथेच संपवला. 'ब्राउन ओल्ड स्मॉल बॉक्स' असे का म्हणायचे नाही, हे विचारले की 'इंग्रजीत असेच असते' एवढेच उत्तर मिळे. वही लाल शाईने माखून परत येई आणि कारण मात्र कुठेच लिहिलेले नसे. प्रश्न विचारणाऱ्याला वर्गासमोर मान खाली घालायला लावणे म्हणजे शिकवणे नव्हे, हे आज मला स्पष्ट लिहावेसे वाटते.

तुम्ही त्याच प्रश्नाचे सरळ उत्तर दिलेत. मराठीतली बरीच विशेषणे नामाच्या लिंगवचनाप्रमाणे रूप बदलतात. इंग्रजी विशेषण रूप बदलत नाही, पण आपली जागा सहसा सोडत नाही. आधी आपले मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण आणि नामाला अगदी खेटून ते कशाचे बनले आहे ते, असा हा क्रम. स्वल्पविरामाची परीक्षाही तुम्हीच शिकवलीत: 'अ लाँग, टायरिंग डे' यात मध्ये 'अँड' घालता येतो, म्हणून तिथे स्वल्पविराम हवा, 'अ स्मॉल राउंड टेबल' यात 'अँड' घातला की कानाला खटकते, म्हणून तिथे नको.

पण मला सर्वांत जास्त आठवतो तो वेगळाच क्षण. माझ्या निबंधात 'शी लाइक्स रीडिंग, रायटिंग अँड टू पेंट' असे वाक्य होते. तुम्ही त्यावर खूण केली नाहीत. समासात पेन्सिलीने 'रीडिंग', 'रायटिंग' आणि 'टू पेंट' हे एकाखाली एक लिहिलेत, पेन्सिल माझ्या हातात दिलीत आणि गप्प राहिलात. मागे वर्ग खोळंबला होता, तरी तुम्ही घड्याळाकडे पाहिले नाहीत. तिसरी ओळ वेगळ्या घडणीची आहे हे माझे मला दिसले, आणि 'पेंटिंग' मी माझ्या हाताने लिहिले. समांतर रचना म्हणजे काय, म्हणजे यादीतले सगळे घटक एकाच घडणीचे का असावेत, हे त्यानंतर मला कोणाला विचारावे लागले नाही. लिंकन यांच्या १८६३ च्या गेटिसबर्गच्या भाषणातील 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल' हे शब्द इतके ठसठशीत का वाटतात, हेही तेव्हा उमगले.

अमेरिकेतील मेन राज्यातल्या दूधवाहतूक चालकांचा खटला तुम्ही सांगितलात, तोही मी विसरणार नाही. जादा कामाचा मोबदला ज्या कामांना लागू नाही, त्यांच्या कायद्यातील यादीत शेवटच्या 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम नव्हता. शिवाय यादीतील इतर कामे 'पॅकिंग', 'स्टोअरिंग' अशा 'इंग'कारान्त रूपांत असताना 'डिस्ट्रिब्यूशन' (वितरण) मात्र नाम होते, म्हणजे ते स्वतंत्र काम नसून 'पॅकिंग'चाच भाग आहे, आणि आपण पॅकिंग नव्हे तर वितरण करतो, म्हणून आपल्याला जादा मोबदला मिळायला हवा, असे चालकांचे म्हणणे होते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली. स्वल्पविराम आणि समांतर रचना या दोन्ही गोष्टी एकाच यादीत इतक्या उघडपणे मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत.

ज्याला येते त्याने न येणाऱ्याला कमी लेखू नये, ही साधी माणुसकी मला विद्वत्तेपेक्षा दुर्मीळ वाटते. ती तुमच्याकडे आहे आणि तिचा लाभ मला झाला. आता कार्यालयात इंग्रजी पत्र लिहिताना माझा हात थरथरत नाही, आणि सहकारी आपले मसुदे विश्वासाने माझ्याकडे वाचायला देतात. त्याबद्दल मी तुमची मनःपूर्वक ऋणी आहे.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी