खडकवासल्याच्या पाण्याला आरओ कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा आला आणि धरणांतला साठा खाली गेला की पाणी कसं वाचवावं याच्या सूचना सगळीकडे छापून येतात. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादलीने अंघोळ करा, गाडी ओल्या फडक्याने पुसा. सूचना योग्यच आहेत, आमच्या घरी त्या पाळल्याही जातात. पण पुण्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत सिंकमध्ये सोडलेली एक बारीक नळी असते, तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायचं यंत्र, चालू आहे तोवर त्या नळीतून पाणी जात राहतं. धार इतकी बारीक की नजरेत भरत नाही. एक दिवस तिच्याखाली बादली ठेवून पाहा. घरगुती आरओ एक लिटर पाणी पिण्यासाठी देतो, तेव्हा साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दहा लिटर धरले, तरी रोजचे तीस लिटर गटारात. वर्षाकाठी हे जवळजवळ अकरा हजार लिटर होतात. आपल्याकडे येणारा टँकर दहा हजार लिटरचा असतो.

मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते, आता निवृत्त आहे. त्यामुळे माझ्या मते प्रश्न फक्त वाया जाणाऱ्या पाण्याचा नाही. ज्या घरात महापालिकेचं पाणी येतं, त्या घरात आरओची मुळात गरजच नाही.

आरओचं मुख्य काम पाण्यात विरघळलेले क्षार काढणं. समुद्राचं खारं पाणी गोडं करायला हे तंत्र पुढे आलं. आपल्याकडे टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत साठतं ते सह्याद्रीच्या डोंगरांवर पडलेलं पावसाचं पाणी. त्यात क्षार असून असून किती असणार? सहकारनगरच्या आमच्या घरी नळाच्या पाण्यात टीडीएस मीटर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं उपकरण) बुडवला, तर आकडा शंभराच्या आतच राहतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले घटक चालतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घाला आणि जिथे परवानगी द्याल तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात आलं पाहिजे.

आता एक साधं गणित करू. नळाच्या पाण्याचा टीडीएस पुरता शंभर धरला, तर चार लिटरमध्ये ४०० मिलिग्रॅम क्षार झाले. त्यातलं एक लिटर आपण जवळजवळ क्षारमुक्त करून घेतलं आणि सगळे क्षार उरलेल्या तीन लिटरमध्ये गेले, तर तिथे लिटरला १३५ सुद्धा होत नाहीत. म्हणजे क्षारांच्या हिशेबाने, सिंकमध्ये सोडून दिलेलं पाणीही पिण्याच्या मर्यादेच्या कितीतरी आत असतं! शिवाय या यंत्रात पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियमही निघून जातं, मग ते परत मिसळायला आणखी एक कार्ट्रिज. या कार्ट्रिज आणि मेम्ब्रेन (क्षार अडवणारे पडदे) दर वर्ष-दोन वर्षांनी बदलाव्या लागतात. जुन्या आमचा भंगारवाला घेत नाही, त्या कचऱ्यातच जातात.

तरीही माणसं आरओ का घेतात? शेजारच्या घरी एका कंपनीचा प्रतिनिधी आला होता, तेव्हा मला बोलावून घेतलं होतं. त्याने दोन पेले मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. धातूच्या कांड्या लावलेलं एक उपकरण त्यात बुडवून बटण दाबलं. थोड्याच वेळात नळाचं पाणी पिवळं पडलं, मग तपकिरी झालं आणि वर साका धरला. आरओचं पाणी नितळच्या नितळ. "काकू, हे तुम्ही रोज पिताय," तो म्हणाला. घरात तान्हं बाळ, शेजारीण हादरलीच. मी ओट्यावरच्या बरणीतलं चिमूटभर मीठ त्या नितळ पेल्यात टाकलं, ढवळलं आणि म्हटलं, आता लाव. तेही पाणी तसंच तपकिरी झालं. तो गाळ नळाच्या पाण्यातला नव्हताच, कांडीतल्या लोखंडाचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून गंजाचा चिखल होतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून वीज वाहत नाही आणि काही दिसत नाही. त्या पोराला मी दोष देत नाही, त्याला जे शिकवलं ते तो करत होता. पण असा प्रयोग दाखवून लहान मुलांच्या आयांना घाबरवणं मला अजिबात मान्य नाही.

खरी भीती जंतूंची असते, आणि ती खोटी नाही. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे (दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा आमच्या ओळखीत अनेकांनी घाईघाईने यंत्रं बसवून घेतली. मात्र त्याच काळात महापालिकेने त्या परिसरातले काही खासगी आरओ प्रकल्प बंद केले, कारण तपासणीत त्यांचंच पाणी पिण्यालायक निघालं नाही. जंतू मारायचे तर पाणी खळखळून उकळावं. रोज इतका गॅस जाळायचा नसेल तर यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र घ्यावं. त्याचा दिवा थोड्या विजेवर चालतो आणि ते एक थेंबही बाहेर टाकत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं, तर आधी गाळून घ्यावं, कारण गढूळ पाण्यात यूव्ही नीट काम करत नाही. आणि सोसायटीच्या टाक्या वेळच्या वेळी धुवून घ्याव्यात. टाकीत झुरळं असतील तर घरात कितीही महाग यंत्र लावून काय उपयोग?

सगळ्यांनी आरओ काढून टाका, असं मी म्हणत नाही. माझी मुलगी वाघोलीला राहते. तिच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. भांड्यांवर पांढरे डाग, गीझरची कॉइल खराब, डाळ शिजता शिजत नाही. तिथे मीटरचा आकडा पाचशेच्या बराच वर जातो, तिथे आरओ हवाच. तिने नळी मोरीतल्या पिंपात सोडली आहे. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात जातं. कुंड्यांना मात्र ती घालत नाही. इतक्या क्षाराने माती खराब होते, कडीपत्त्याची पानं कडेने करपतात. आमच्यासारख्या महापालिकेच्या पाण्यावरच्या घरात आरओ आधीच बसवलेला असेल, तर त्याच्या नळीचं पाणी झाडांनाही बिनघोर चालतं. पण पुढच्या वेळी मेम्ब्रेन बदलायची आली की ती बदलूच नये, यूव्ही घ्यावा. सोसायटीत एक टीडीएस मीटर आणून ठेवला तर सगळ्यांना पुरतो, काही फार महाग नसतो.

आपल्याला एक विनंती आहे. पावसाळ्यात आपण चारही धरणांचा साठा रोज छापता, आम्ही सकाळी आधी तेच वाचतो. त्याच्याच शेजारी आठवड्यातून एकदा पर्वती, वडगाव, वारजे, लष्कर या जलकेंद्रांतून सुटणाऱ्या पाण्याचा टीडीएस आणि क्लोरिनचं प्रमाण छापावं. पाण्याची तपासणी महापालिका करतेच, आकडे मागवून घेता येतील. टँकर जिथे भरतात त्या ठिकाणांचे आकडेही मिळाले, तर वाघोली, उंड्रीच्या लोकांना आपल्या दारात काय येतंय ते कळेल.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
सहकारनगर, पुणे