वरच्या मजल्यावरच्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

घरी आभार मानायला लागले की तुम्ही पावसापाण्यावर घसरता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता ऐकून घ्यावंच लागेल.

तुमच्याकडचा तो काळा डीबी स्पेक्ट्रम, घरगुती संगणक. सिंक्लेअर कंपनीच्या १९८२ च्या ब्रिटिश स्पेक्ट्रमचा वंशज, इथे परवान्यावर विकला गेलेला. मेमरी ४८ के (किलोबाइट), पडदा म्हणजे घरातला टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला कॅसेट. (काकूंच्या नाट्यगीतांच्या एका कॅसेटची बी बाजू आपण त्यासाठी वापरली, हे त्यांना कळलंय की नाही, माहीत नाही.) कॉलनीतली बाकीची मुलं खेळ लोड होताना पडद्याच्या कडेला नाचणाऱ्या निळ्या-पिवळ्या पट्ट्या बघायला यायची. मलाही खेळच हवा होता. तुम्ही हातात आलेखाची वही दिलीत.

मराठी माध्यमातल्या मला इंग्रजी स्पेलिंगची धास्ती. पण त्या यंत्रावर 'पी' दाबला की 'प्रिंट' हा सबंध शब्द उमटायचा, 'जे' दाबला की 'लोड'. स्पेलिंग चुकायची सोयच नव्हती! तुम्ही नेमकं हेच आधी दाखवलंत आणि खुर्चीवरून उठून मला बसवलंत. दुसऱ्या कुणी कळफलकाला बोट लावू दिलं नसतं. तेव्हा ती वस्तू महाग होती आणि मी दहा वर्षांची.

मग आलेखाची वही. स्वतःची अक्षरं करायला त्या यंत्रात २१ जागा होत्या, प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचं. ठिपका भरला तर एक, रिकामा तर शून्य. ओळीमागे एक आकडा, अक्षरामागे आठ. वरची ओळ पूर्ण भरली की आठ एक, म्हणजे द्विमान पद्धतीत २५५, आणि शेजारच्या अक्षराला आपोआप जोडली जाणारी शिरोरेघ तयार. आपला पहिला शब्द 'काका' होता. त्यात भावना वगैरे काही नव्हती, 'क' आणि काना एवढ्या दोनच आकृत्यांत तो भागत होता.

खरी गंमत 'मराठी'ला आली. वेलांटीला शिरोरेघेच्या वर जागा हवी, म्हणजे रेघ खाली सरकवायची, म्हणजे खाली 'ठ'च्या पोटाला जागा उरत नाही. शिवाय वेलांटीची कमान दोन चौकटींत विभागलेली, त्यामुळे 'ठी'साठी 'ठ' पुन्हा काढायचा. अशाने २१ जागा कुठच्या पुरणार? मी रडकुंडीला आले होते. तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत, फक्त विचारलंत, "मराठीत अक्षरं किती आणि त्यांची चित्रं किती, मोजशील का?" त्यात अख्खी मे महिन्याची सुट्टी गेली. अधूनमधून वीज जायची आणि पुन्हा सगळं कॅसेटवरून.

पुढे मी फॉन्टच्या कामात आले. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला ठरलेला आकडा देणाऱ्या संगणकी पद्धतीत, 'ठ' आणि वेलांटी असे दोन संकेत साठवले जातात, ते पडद्यावर कुठल्या आकारात दिसायचे ते फॉन्ट ठरवतो. संकेत आणि चित्र वेगळे, हे नव्यांना समजावताना मला घाम फुटतो. मला ते समजावून घ्यावंच लागलं नाही, कारण तुमच्या वहीत मी ते खोडरबराने शिकले होते. चांगल्या पगाराची नोकरी लागल्याचं श्रेय लोक माझ्या पदवीला देतात. देऊ देत.

काकूंचेही आभार. रविवार सकाळ सोडून त्यांनी टीव्ही आपल्या हवाली केला, आणि वर पोहेही दिले.

दिवाळीत येतेय, लॅपटॉप घेऊन. 'ळ' आठ चौकोनांत सुबक बसणारच नाही, असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. मला ते अजून पटलेलं नाही. वही शोधून ठेवा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची