बसवून ठेवलेला पोरगा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही जॉर्डन लव्हबद्दल विचारलंत, "तीन वर्षं बसवूनच ठेवायचं, तर तो पोरगा घेतला कशाला?" तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, म्हणून बोलणं राहिलं.

अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून हल्ला चालवणारा, हा आपला विकेटकीपर समजा, जागा एकच. किरण मोरे असताना चंदू पंडितला किती थांबावं लागलं, ते तुम्हीच सांगायचात. आमच्या ग्रीन बे पॅकर्स संघाने हा प्रकार दोनदा केला. 2005 साली ब्रेट फार्व्ह 35 वर्षांचा, आणि त्याच्यामागे त्यांनी 21 वर्षांचा ॲरन रॉजर्स आणला. तो तीन वर्षं राखीव बसला. 2008 मध्ये फार्व्ह न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि 2010 च्या हंगामात रॉजर्सने सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम मॅच, जिंकून दिला. मग 2020 मध्ये 36 वर्षांच्या रॉजर्सच्या मागे जॉर्डन लव्ह! म्हाताऱ्याने काय करावं? 2020 आणि 2021, दोन्ही हंगामांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच. 2023 मध्ये तोही गेला, तेही जेट्सकडेच.

मला मात्र लव्हच्या त्या निवडीचा अजून राग आहे. त्याच्या आदल्या, 2019 च्या हंगामात संघ सुपर बोलपासून एकच मॅच दूर राहिला होता. तेव्हा रॉजर्सच्या हाताखाली आणखी एक चांगला गडी हवा होता, त्याचा वारस नव्हे. शिवाय नव्या पोराचा करार असतो चार वर्षांचा, तोही कमी पैशांत. त्यातली तीन, म्हणजे स्वस्तातली वर्षं, बाकावरच गेली.

पण बाकावर नुसतं बसणं नसतं, बाबा. सरावात राखीव क्वार्टरबॅक पुढच्या मॅचमधल्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो, म्हणजे आपल्या बचावफळीला सवय होते. एकदा डिसेंबरात स्टेडियममध्ये मी लव्हला पाहिलं. डोक्यावर टोपी, कानाला हेडफोन, आणि नजर बॉलवर नाही, समोरच्या बचावफळीवर. (आई, तू विणलेले मोजे घातले होते. तरी पायाखाली पुठ्ठा घेतला, इथे सगळेच घेतात.) पुढे 2023 च्या हंगामात त्याच पोराने डॅलसमध्ये जाऊन 48-32 ने मॅच मारली.

तुम्ही कॉलेजच्या संघात दोन वर्षं बारावे होतात ना? पाणी घेऊन जायचात तेव्हा कीपरचे पाय बघायचात का? पुढच्या फोनवर सांगा.

तुमची,
धाकटी