गडावर डबे लपवू नका, त्यापेक्षा दगडांचे प्रश्न लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जिओकॅशिंगवर लेख आला होता तो मी दोनदा वाचला. मराठी पेपरात या छंदाबद्दल एवढं सविस्तर मी पहिल्यांदाच वाचत होते, त्यामुळे फार आनंद झाला. पण शेवटी वाचकांना जे सुचवलंय, की मित्रांचा ग्रुप करा, आपापल्या आवडत्या गडावर जाऊन तटबंदीत डबे लपवा आणि बाकीच्यांना शोधायला लावा, ते वाचल्यापासून मला काही चैन पडेना, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवला. रिटायर झाल्यावर मुलाकडे अमेरिकेत ओरेगनला दोनदा सहा-सहा महिने राहून आले आणि तिथे नातवाने मला या नादाला लावलं. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुणीतरी एक डबा कुठेतरी दडवून ठेवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतं आणि बाकीचे लोक मोबाइलच्या जीपीएसवर तो शोधून काढतात. डब्यात वही असते, तिच्यात नाव-तारीख लिहायची, डबा होता तस्साच परत ठेवायचा आणि घरी येऊन ऑनलाइन लॉग टाकायचा, बस्स. बक्षीस नाही, पैसे नाहीत, तरीही जगभरात असे तीस लाखांच्या वर डबे लपवलेले आहेत.

याची सुरुवात जिथे झाली ती जागा मुलाच्या घरापासून गाडीने फार लांब नव्हती. जीपीएसचे उपग्रह अमेरिकन लष्कराचे आणि सामान्य माणसाला मिळणाऱ्या सिग्नलमध्ये ते मुद्दाम चूक घालून ठेवायचे, त्यामुळे जागा शंभर शंभर मीटरनी चुकायची. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे ला डेव्ह अल्मर नावाच्या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या माणसाने बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली अर्धी जमिनीत पुरून ठेवली. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि बीन्सचा डबाबंद कॅन. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, एवढाच नियम. तीन दिवसांत ती बादली दोघांना सापडली आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरला जेरेमी आयरिश यांनी ७५ डब्यांची यादी घेऊन वेबसाइट सुरू केली. आता त्या ठिकाणी रस्त्याच्या कडेला आठवणीची पाटी बसवलेली आहे. मी तिथे उभी राहिले तेव्हा नातू म्हणाला, आज्जी, आज अशी बादली ठेवली तर रिजेक्ट होईल. का, तर आता जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणून डबा पुरायला बंदी आहे आणि वासाने जनावरं येतात म्हणून खायचा पदार्थ ठेवायलाही बंदी आहे. मी पर्समधून तिळाच्या वड्या काढल्या होत्या त्या गुपचूप परत आत ठेवल्या. ही गोष्ट एवढ्यासाठी सांगतेय की हे नियम वरून कुणी लादलेले नाहीत, लोकांना जसजसे अनुभव येत गेले तसतसे ते ठरत गेले, आणि आपल्याकडे हा छंद आता कुठे रुजतोय तर तिथल्या चुका आपण पहिल्यापासून कशाला करायच्या?

मला सापडलेला पहिला डबा अजून डोळ्यासमोर आहे. उंच उंच डग्लस फरचं जंगल, बारीक पाऊस, मोबाइलवर कधी चार मीटर दाखवतंय कधी एकदम अठरा, कारण दाट झाडीत सिग्नल उड्या मारतो. मी वेड्यासारखी प्रत्येक खोडामागे वाकून बघतेय आणि नऊ वर्षांचा नातू शांतपणे उभा राहून नुसता बघत होता. मग म्हणाला, ते बघ, त्या काड्या सगळ्या एकाच दिशेला आहेत, झाडावरून पडलेल्या अशा पडत नाहीत. खरंच की! शेवाळलेल्या बुंध्याच्या पोकळीवर काड्या ओळीने लावलेल्या, त्या बाजूला केल्या तर आत घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आपण फ्रीजमध्ये कोथिंबीर ठेवतो ना तसला. त्यात एक प्लॅस्टिकचा डायनासोर, दोन नाणी, खोडरबर आणि झिप लावलेल्या पिशवीत वही. मी देवनागरीत नाव लिहिलं, खाली पुणे लिहिलं. दुसऱ्या खेपेला दीड वर्षाने गेलो तर माझ्या ओळीच्या खाली पाच-सहा नावं सोडून कुणीतरी मराठीतच 'नमस्कार काकू' लिहून ठेवलेलं! कोण होतं ते कळलं नाही, पण मी त्या ओल्या जंगलात उभी राहून ते चार वेळा वाचलं.

आणि वही कोरडी होती हे महत्त्वाचं. दीड वर्ष तिथला पाऊस झेलून वही कोरडी राहिली कारण ज्याने डबा ठेवला तो माणूस दर काही महिन्यांनी तिथे जाऊन बघतो. डबा फुटला तर बदलतो, वही भरली तर नवीन ठेवतो. कुणाला डबा सापडला नाही तर ते लोक ऑनलाइन तसं प्रामाणिकपणे नोंदवतात, त्याला डीएनएफ (डिड नॉट फाइंड, म्हणजे सापडला नाही) म्हणतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, उलट तीन-चार डीएनएफ आले की मालक समजतो की आपण जाऊन बघायला पाहिजे. हा खेळ खेळणाऱ्या लोकांच्या एका भेटीला आम्ही गेलो होतो, एका पिझ्झाच्या दुकानात पंचवीस-तीस माणसं जमलेली, कॉलेजची पोरं, माझ्या वयाचे जोडीदार, लहान मुलं घेऊन आलेल्या आया. एक बाई व्हीलचेअरवर होत्या, त्यांनी मला समजावून सांगितलं की प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात, एक शोधायला किती अवघड त्याचा आणि दुसरा पोचायला किती अवघड त्याचा, दोन्ही १ ते ५. पोचायचा आकडा १ असेल तर व्हीलचेअर तिथपर्यंत गेलीच पाहिजे असा नियम, आणि ५ म्हणजे दोर किंवा होडी लागणार. त्या म्हणाल्या, कुणी उगाच १ लिहून ठेवलं आणि तिथे गेल्यावर पायरी निघाली तर मी रागावून लिहिते आणि लोक बदलतात. माझ्या मनात आलं, आपल्या एवढ्या पर्यटनस्थळांपैकी किती ठिकाणी असं एखाद्या बाईच्या सांगण्यावरून काही बदललं असेल! याच लोकांचा आणखी एक रिवाज आहे, जाताना पिशवी न्यायची आणि येताना वाटेवरचा कचरा उचलून आणायचा, २००२ पासून जगभर असे कचरा उचलायचे कार्यक्रम होतात.

आता मूळ मुद्द्यावर येते. दोन वर्षांपूर्वी नातू उन्हाळ्यात पुण्याला आला तेव्हा आम्ही ॲपवर बघून एका टेकडीवर डबा शोधायला गेलो. जुनी नोंद होती, ठेवणाऱ्याने कित्येक वर्षांत तिकडे फिरकून बघितलेलं दिसत नव्हतं. अर्धा तास शोधलं. एका दगडी बांधाच्या फटीत मी हात घालणार तेवढ्यात खालून गुरं चारणारा मुलगा ओरडला, आज्जी, तिथं हात घालू नका, फुरसं असतंय! मी हात मागे घेतला आणि माझे पाय लटपटायला लागले, कारण सोबत नातू होता आणि तो माझ्या आधी तीन फटींत हात घालून बसला होता. मग काठीने ढोसून बघितलं तर एक फुटका डबा निघाला, आत कागदाचा लगदा आणि गोम. पण मला त्याहून वाईट वाटलं ते मागे वळून बघितल्यावर. आम्ही दोघांनी अर्ध्या तासात त्या बांधाचे तीस-चाळीस दगड तरी हलवले होते. कुणाच्या तरी आजोबाने रचलेला बांध असेल तो. आम्ही काही नासधूस करायला गेलो नव्हतो, दगड परत ठेवायचा प्रयत्नही केला, पण ते होते तसे बसले नाहीत ते नाहीतच.

म्हणून सांगते, गडावरच्या तटबंदीत हे नको. आपल्या कितीतरी किल्ल्यांवर दगडावर दगड रचलेल्या भिंती आहेत, फटीत बसवलेली छोटी चीप निघाली की शेजारचा दगड सैल होतो, मग पावसात तो भाग ढासळतो. डबा एकजण ठेवणार पण शोधायला शंभरजण येणार आणि प्रत्येकजण शंभर फटी उकरणार. ब्रिटनमध्ये अशा चुन्याशिवाय रचलेल्या भिंतींत डबा ठेवायला या खेळाच्या नियमांतच मनाई आहे, भिंत कुठल्याही अवस्थेत असली तरी. आपले १२ किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले ११ महाराष्ट्रातले, त्यांची डागडुजी करायला मंडळी रविवार रविवार वर जाऊन घाम गाळतात आणि आपणच डब्यासाठी चिपा काढायच्या का? शिवाय परवानगीचा प्रश्न आहेच. जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी घेतल्याशिवाय डबा ठेवायचा नाही हा या खेळाचा अगदी मूळ नियम आहे आणि लेखात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता.

शहरातही सांभाळून. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात कॅफेबाहेर एकाने छोटा डबा लपवताना कुणीतरी बघितलं, पोलिस आले, रस्ता बंद झाला आणि बॉम्बशोधक पथकाने तो डबा उडवून दिला. आपल्याकडे तर स्टेशनवर, बसमध्ये रोज ऐकू येतं की बेवारस वस्तूला हात लावू नका, आणि ते ऐकावं लागतं त्याला कारण आहे, मुंबई-पुण्याच्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. पुलाखाली, देवळाच्या मागे, स्टेशनच्या रेलिंगला डबा चिकटवून ठेवणं म्हणजे पोलिसांना आणि आसपासच्या लोकांना विनाकारण घोर लावणं आहे.

मग छंद सोडायचा का? अजिबात नाही! या खेळात अर्थकॅश (अर्थ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी) नावाचा प्रकार आहे, २००४ पासून जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकाबरोबर तो सुरू झाला. त्यात डबाच नसतो. जागा असते आणि त्या जागेच्या भूगर्भाबद्दल प्रश्न असतात. आपण तिथे जायचं, डोळे उघडे ठेवून बघायचं, मोजायचं आणि उत्तरं ज्याने प्रश्न लिहिले त्याला पाठवायची. प्रश्न असे पाहिजेत की प्रत्यक्ष गेल्याशिवाय उत्तर देताच येऊ नये, आणि लिहिणारा स्वतः तिथे जाऊन आलेला असला पाहिजे. कोलंबिया नदीच्या घळीत आम्ही अशी एक केली, बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा गार होऊन झालेल्या काळ्या कातळाचे, खांब मोजायचे होते, कुठल्या खांबाला किती बाजू, आडव्या भेगा किती अंतरावर. नातू मोजत होता आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण हा तर आपलाच दगड! तिथला लाव्हा सुमारे १.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या दख्खनचा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, पण गोष्ट तीच, जमिनीला भेगा पडून थरावर थर लाव्हा पसरला आणि गार होताना आकसून त्याचे खांब झाले. ३१ वर्षं मी फळ्यावर ज्याची आकृती काढली ते पोराला हाताने चाचपून कळलं.

आणि सगळ्यात मला आवडलेला नियम म्हणजे अर्थकॅशचा मजकूर स्थानिक भाषेत द्यावा लागतो. म्हणजे आपल्याकडे मराठीत! अंधेरीचा गिल्बर्ट हिल घ्या, चारी बाजूंनी बिल्डिंगांनी वेढलेला साधारण दोनशे फुटांचा खांबांचा डोंगर, रोज हजारो लोक बाजूने जातात. लोणार घ्या, पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद विवर आणि तेही बेसॉल्टमध्ये, उल्कापाताने झालेलं, जगात असं क्वचितच सापडतं. अशा जागांवर मराठीत नीट प्रश्न लिहायला भूगर्भशास्त्राची कॉलेजातली मुलं आहेत, गाइड आहेत, वर्षानुवर्षं ट्रेक करणारी माणसं आहेत, माझ्यासारख्या रिकाम्या शिक्षिका आहेत. आपल्या पुरवणीने दर महिन्याला अशी एक जागा आणि तिचे चार प्रश्न छापले तर ॲप नसलेली मुलंसुद्धा वही घेऊन जातील, एवढी विनंती आहे.

मी निघोजपासून सुरुवात केलीय. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी कातळात पाडलेले. प्रश्न कच्चे लिहिलेत. पहिला, मळगंगेच्या देवळाजवळचा एखादा कोरडा खळगा निवडा, त्याचं तोंड किती वीत रुंद आहे? दुसरा, तळाशी गोटे आहेत का, असतील तर त्यांचा रंग आणि भिंतीच्या कातळाचा रंग सारखा आहे का? तिसरा, खळग्याच्या आतल्या भिंतीवर हात फिरवा आणि मग वरच्या काठावर फिरवा, गुळगुळीत कुठे जास्त लागतं आणि का? चौथ्यावर अडलेय, दोन खळगे एकमेकांत मिसळलेत तिथलं काहीतरी विचारायचंय पण मुलांनी काठावर वाकायला नको, खोल पाणी असतं. तिथल्या गावकऱ्यांची आणि देवस्थानची परवानगी घ्यायचीय, कुणी भूगर्भशास्त्राच्या जाणकाराने प्रश्न तपासून दिले तर फार बरं होईल. पावसाळा संपून पाणी उतरलं की मी मेजरिंग टेप घेऊन परत जाणार आहे, नातू तिकडून व्हिडिओ कॉलवर असेल.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, पुणे