‘स्वेच्छेने माघार’ ही नोंद खोडा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
कोल्हापूर शाखा

विषय: जावा बेटावरील गुहेतल्या ट्यूबिंगची रक्कम परत मिळणे व आमच्याबद्दलची चुकीची नोंद दुरुस्त होणे

महोदय,
स.न.वि.वि.

नाताळच्या सुट्टीत आपल्या बाली-योग्यकर्ता सहलीला आम्ही चौघं आलो होतो: मी, माझे पती, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. गोआ पिंदुल गुहेतल्या ट्यूबिंगसाठी माणशी 3,500 प्रमाणे 14,000 रुपये आम्ही वेगळे भरले होते. ते परत मागितल्यावर आपलं उत्तर आलं: ‘प्रवाशांनी स्वेच्छेने माघार घेतली. कोणासही इजा नाही. परतावा देय नाही.’ पैशांचं पुढे लिहिते, पण आधी ‘स्वेच्छेने’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे.

गोआ म्हणजे तिथल्या भाषेत गुहा. चुनखडीच्या डोंगराखालून वाहणाऱ्या नदीवर फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसायचं, शेजारच्याच्या ट्यूबचा पट्टा धरायचा आणि गाईडने ओढत नेलेल्या साखळीतून साधारण साडेतीनशे मीटर आत जायचं. आधी उजेड, मग अंधुक, मग मिट्ट काळोख. मुलीला हे सगळं तोंडपाठ होतं. पंचगंगेच्या घाटावर मी स्वतः ट्रकच्या ट्यूबवर पोहायला शिकले, त्यामुळे तिच्याइतकीच मीही वाट बघत होते. पाण्याला भिणारी माणसं आम्ही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्या माहितीपत्रकात गुहेतलं पाणी हिरवंगार दिसतं. आम्ही पोचलो तेव्हा ते चहासारखं होतं. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता. जावा विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिथे पावसाळा असतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. नाताळची सहल विकताना याबद्दल एक अक्षरही आम्हाला सांगितलं नाही.

तिथल्या गावातल्या गाईडने आमच्याकडे पाहिलं, मग खडकावरची ओली रेघ दाखवली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि हाताच्या खुणांनी तो सांगत होता की पोहता येणारी मोठी माणसं चालतील, पण लहान मूल आणि आजी आज नकोत. त्यात मुलीच्या मापाचं जॅकेटही नव्हतं. बुकिंगच्या वेळी मी तिचं वय आणि वजन लिहून दिलं होतं. ‘लहान मुलांची जॅकेट्स आगाऊ सांगून ठेवतो’ हा आपला व्हॉट्सॲप मेसेज आजही माझ्याकडे आहे. पण तिथे कोणालाच काही सांगितलेलं नव्हतं. मोठ्या माणसाचं जॅकेट तिला चढवून, सगळे बंद आवळून, मी खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचललं. जॅकेट कानांच्या वर आलं आणि लेक खाली राहिली. पाण्यात काय झालं असतं हे कळायला याहून वेगळं काही लागत नाही.

हे सगळं आपल्या टूर मॅनेजरसमोर घडलं. संध्याकाळचं विमान गाठायचं होतं, त्यामुळे त्यांना घाई होती. त्यांनी गाईडला बाजूला घेऊन काहीतरी सुनावलं आणि बाकीच्या प्रवाशांसमोर मला म्हणाले, ‘‘काय वहिनी, कोल्हापूरच्या ना तुम्ही? पुरात राहणारी माणसं, एवढ्याशा पाण्याला भिताय?’’

हो, मी शाहूपुरीत राहते. 2019 ला आणि 2021 ला, दोन्ही वेळा आम्ही घर सोडलं. दुसऱ्या वेळी सासूबाईंना बोटीतून काढावं लागलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना आलं की इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आमच्या मुलीलाही पाठ आहे. राधानगरी-गगनबावड्याला रात्रभर कोसळलं की दुसऱ्या दिवशी इथे ऊन असलं तरी पाणी चढतं, हे आम्ही आयुष्यभर बघत आलोय. चुनखडीच्या भेगांतून मुरलेला पाऊस गुहेतल्या नदीत असाच मागाहून येतो, आणि तिथे तर डोक्यावर छत असतं. पूर बघितलाय म्हणूनच मी लेकीला काठावर ठेवलं. त्या वाक्याने सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा हिशेब 14,000 मध्ये होत नाही.

बाकीचे सहप्रवासी सुखरूप बाहेर आले, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण म्हणून आमच्या मुलीला तसंच पाठवायला हवं होतं, असं होत नाही. पोराच्या मापाचं जॅकेट नाही, पाण्याची माहिती नाही, आणि ज्याला ते पाणी कळतं त्याचा शब्द तुमच्या माणसाने झिडकारला. याला आमची माघार म्हणायचं?

म्हणून मागणी अशी. ‘स्वेच्छेने माघार’ ही नोंद काढून ‘बालकासाठी योग्य सुरक्षा साधन उपलब्ध नसल्याने व स्थानिक गाईडच्या सल्ल्यानुसार’ असं लेखी द्यावं. चौघांचे 14,000 रुपये परत करावेत. सात वर्षांच्या मुलीला काठावर सोडून आम्ही दोघांनी आत जावं, अशी अपेक्षा कोणी करू नये. ‘वय 5 ते 75, पोहता येण्याची गरज नाही’ ही ओळ माहितीपत्रकातून काढावी आणि पावसाळ्याचे महिने स्पष्ट छापावेत. पाण्यात उतरायचं की नाही, याबाबत तिथल्या गाईडचा शब्द शेवटचा, अशी सूचना आपल्या मॅनेजरांना लेखी द्यावी. माझ्यासाठी ही मागणी सर्वांत महत्त्वाची आहे.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली इथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करेन. ग्राहक जिथे राहतो तिथे दाद मागता येते, हे आपल्यालाही ठाऊक असेलच. पावत्या, मेसेज आणि त्या दिवशीचे काठावरचे फोटो सोबत जोडले आहेत. एका फोटोत जॅकेटमधून मुलीचे फक्त डोळे दिसतात, तो कृपया नीट पाहावा.

आपली,
एक प्रवासी ग्राहक
शाहूपुरी, कोल्हापूर